इंटरसेक्स आणि ट्रान्सजेंडर म्हणजे एकच का?

नाही. ‘एकाच गोष्टीला दोन नावं कशाला?’ असं तुम्ही विचारलंय, पण मुळात गोष्टीच दोन आहेत. मी जीवशास्त्र शिकवते आणि हा गोंधळ वर्गात नेहमी बघते.

इंटरसेक्स, म्हणजे आंतरलिंगी, हा शब्द शरीराबद्दल आहे. गुणसूत्रं, जननग्रंथी, संप्रेरकं किंवा जननेंद्रियं यांतलं काहीतरी जन्मापासूनच ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ या ठरीव साच्यात बसत नाही. वरून बघून ते कळेलच असं नाही. समजा, सोळा वर्षं झाली तरी एका मुलीला पाळी आलेली नाही. बाकी वाढ मुलीसारखीच. सोनोग्राफीत दिसतं की गर्भाशय नाही. पुढच्या तपासण्यांत गुणसूत्रं एक्स-वाय, म्हणजे एरवी पुरुषांत असतात तशी, निघतात आणि पोटात वृषणं सापडतात. त्यांतून टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक तयार होतं, पण पेशी त्याला दादच देत नाहीत, म्हणून शरीर मुलीचं घडलं. ही मुलगी इंटरसेक्स आहे. पण ती जन्मापासून मुलगी म्हणून वाढली, स्वतःला मुलगीच मानते, ट्रान्सजेंडर नाही.

ट्रान्सजेंडर, म्हणजे पारलिंगी, व्यक्तीचं जन्माच्या वेळी नोंदवलेलं लिंग आणि तिची स्वतःची ओळख जुळत नाही. त्यासाठी शरीरात काही वेगळं असावं लागत नाही, शस्त्रक्रिया झालेली असावी लागत नाही. क्वचित एकच व्यक्ती इंटरसेक्सही असते आणि ट्रान्सजेंडरही. आकर्षण कुणाबद्दल वाटतं, हा तिसराच विषय.

‘उभयलिंगी’ हा शब्द मात्र माणसांसाठी वापरू नका, ही कळकळीची विनंती. तो गांडुळाच्या धड्यातला आहे. गांडुळात नर आणि मादी अशा दोन्ही पूर्ण कार्यक्षम प्रजननसंस्था असतात. इंटरसेक्स माणसांत तसं नसतं.

शब्दांबाबत मी इतकी आग्रही आहे, कारण दोघांची दुखणी उलट आहेत. ट्रान्सजेंडर माणसाला हवे असलेले उपचार मिळवायला वर्षानुवर्षं झगडावं लागतं. इंटरसेक्स बाळावर मात्र, जिवाला धोका नसतानाही, केवळ जननेंद्रियं ‘नीट दिसावीत’ म्हणून शस्त्रक्रिया केली जाते, तीही त्याला बोलता येण्याआधी. युरोपातल्या माल्टा या देशाने २०१५ साली कायदा करून अशा शस्त्रक्रियांवर बंदी घातली. आता तिथे तातडीची गरज नसेल, तर मूल स्वतः सांगण्याइतकं मोठं होईपर्यंत थांबावं लागतं.