'श्लेष्मपेशी', 'आधारपेशी' की आणखी काही?

प्रश्न असा आला आहे: मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथीच्या गाभ्यात संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींच्या पुंजक्यांभोवती 'सस्टेंटॅक्युलर' पेशी असतात. त्या ग्लाया पेशींसारख्या, म्हणजे चेतापेशींना साथ देणाऱ्या पेशींसारख्या असतात, मग मराठीत त्यांना 'श्लेष्मपेशी' म्हणावं की 'आधारपेशी'?

मला दोन्ही शब्द पटत नाहीत.

आधी 'श्लेष्म' पाहू. ग्लाया म्हणजे ग्रीकमध्ये डिंक, सरस. चेतापेशी एखाद्या लुकणात बसवल्यासारख्या असतात, अशा समजुतीनं जर्मन वैद्यक-शास्त्रज्ञ रूडॉल्फ फिरखो यांनी १८५६ साली हे नाव दिलं. संस्कृत 'श्लिष्' म्हणजे चिकटणं, म्हणून भाषांतर अचूक वाटतं खरं. पण 'श्लेष्म' म्हटलं की मराठी कानाला कफच ऐकू येतो. त्यात आणखी एक गुंता आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागातल्या अशाच पेशींना 'पिट्युइसाइट' म्हणतात आणि लॅटिन 'पिट्युइटा' म्हणजेही कफ! मेंदूतला कफ या ग्रंथीतून नाकात उतरतो, असं पूर्वी मानलं जाई. एक चुकीची कल्पना नावात आधीच अडकलेली असताना तिला आपण दुजोरा का द्यावा?

'आधारपेशी' हा मूळ शब्दाला इमानी आहे. लॅटिन 'सस्टेंटॅक्युलम' म्हणजे टेकू. टाचेच्या हाडाला घोट्याचं हाड पेलणारा जो कंगोरा असतो, त्याचंही तेच नाव, आणि तिथे ते चपखल बसतं. या पेशींचं काम मात्र टेकू देण्यापुरतं नाही. मानेतल्या रोहिणीपाशी रक्तातला प्राणवायू जोखणारा कॅरोटिड पिंड असतो. त्यातल्या ग्लायासदृश पेशी (त्यांनाही सस्टेंटॅक्युलर म्हणतात) मूलपेशींसारख्या वागतात आणि प्राणवायू दीर्घकाळ कमी पडला तर नव्या संवेदक पेशी घडवतात, हे २००७ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. शिवाय वृषणातल्या सर्टोली पेशींनाही सस्टेंटॅक्युलर म्हणतात. त्यांचं कूळ निराळं, पण 'आधारपेशी' म्हटलं की दोन्ही एकाच दावणीला बांधल्या जातात.

म्हणून मी 'आश्लेषी पेशी' सुचवतो. धातू तोच, 'श्लिष्', पण अर्थ मिठीचा. सूक्ष्मदर्शकाखाली दिसतंही तेच: बारीक, लांबट हात पसरून या पेशी पुंजक्याला कवेत घेतात. पिट्युइसाइट तर चेतातंतूंची टोकं वेढून बसतात आणि शरीराला पाणी कमी पडलं किंवा पिल्लाला दूध पाजायची वेळ आली की मागे सरतात, म्हणजे संप्रेरकाला रक्ताकडे जायची वाट मोकळी होते. मिठी सैल करणारी पेशी! 'आधार' या शब्दात ही हालचाल मावत नाही.

कामावरून ठेवलेलं नाव नव्या संशोधनानं खोटं ठरू शकतं, रूपावरून ठेवलेलं सहसा टिकतं. लेखात पहिल्यांदा 'आश्लेषी, म्हणजे सस्टेंटॅक्युलर पेशी' असं लिहावं, पुढे नुसतं 'आश्लेषी पेशी' पुरे. 'ग्लाया' मात्र तसाच राहू द्यावा, तो आता मराठीत रुळतो आहे.