सख्खा भाऊ पडद्यावरही भाऊ

प्रश्न : ‘डिक व्हॅन डाइक शो’ या जुन्या अमेरिकी विनोदी टीव्ही मालिकेत नट डिकचा सख्खा भाऊ जेरी त्याच्या भावाच्याच भूमिकेत आहे. ते भाग कोणते? आमच्या मंडळाच्या एकांकिकेत दोन सख्खे भाऊ आहेत, त्यांना त्यातून काय घेता येईल?
(एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर)

उत्तर : मार्च 1962 मधला दोन भागांचा किस्सा बघा. जेरीने केलेला भाऊ स्टेसी जागेपणी लाजराबुजरा, झोपेत चालायला लागला की बोलका, बँजोसुद्धा वाजवतो. 1965 मध्ये तो पुन्हा दोन भागांत आला.

असं पात्र तुमच्या एकांकिकेत असेल, तर तालमीत आधी झोप आणि जाग यांची एकेक खूण पक्की करा : झोपेत मान सैल, आवाज मोकळा, जागेपणी खांदे आवळलेले, वाक्य अर्धवट. डोळे मिटू नका, नट ठेचकाळतो आणि चेहरा वाया जातो. जाग येण्याचा क्षण प्रत्येक वेळी एकाच हालचालीने येऊ दे. ती बदलली की प्रेक्षकांना कळतच नाही आणि हशा पडत नाही.

सख्ख्या भावांची खरी अडचण वेगळीच. घरच्या सवयीने ते एकमेकांचं वाक्य तोडतात, हशा त्यातच बुडतो. मोठ्या भावाने हशा ओसरू लागेपर्यंत थांबायचं, मगच बोलायचं. त्याने फक्त बघत राहावं. धाकट्याचा विनोद तिथेच उभा राहतो.