जुनी मारुती ८०० घाटात सारखी तापते, मेकॅनिक हाफ इंजिन सांगतोय, खरंच करावं लागेल का?

तुम्ही लिहिलंय की गाडी ९९ ची कार्ब्युरेटरवाली ८००, गावात कितीही फिरवा तापमानाचा काटा मध्यावरच, पण खंबाटकी चढायला घेतला की काटा वर जायला लागतो, मेकॅनिकने थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकला, कूलंट बदललं, तरी तेच, आणि आता म्हणतो हाफ इंजिन करू, म्हणजे इंजिन खोलून पिस्टन-रिंगचं काम. लगेच हो म्हणू नका.

गाडी नक्की कधी तापते हे आधी बघायचं असतं. सिग्नलला उभी राहून तापत असती तर मी म्हटलं असतं फॅन बघा, त्याचा स्विच बघा, वायर बघा. तुमचं उलटं आहे, गावात ठीक आणि चढाला तापते, म्हणजे फॅन काम करतोय पण इंजिनने जोर लावला की जी जास्तीची उष्णता होते ती रेडिएटरला बाहेर टाकता येत नाहीये. एवढ्या जुन्या गाडीत माझा पहिला संशय आतून चोंदलेल्या रेडिएटरवर. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेलं असतं, त्याचा क्षार नळ्यांत बसतो आणि नुसतं कूलंट बदलून तो काही निघत नाही. आमच्याही ८०० चा रेडिएटर बाहेरून एकदम चकाचक होता, रेडिएटरवाल्याने वरची टाकी उघडली तेव्हा कडेच्या नळ्यांची तोंडं पांढरट-तांबूस थराने पार बुजलेली, मधल्या तेवढ्या उघड्या, मग घाटात काय होणार.

घरी बघायचं तर गाडी चांगली गरम करून आणा, बंद करा, किल्ली काढा, बॅटरीची एक वायर सोडवा म्हणजे फॅन अचानक फिरायची भीती नको, आणि समोरून जाळीच्या अगदी जवळ हात फिरवा. मध्येच गार पट्टे लागले तर तिथून पाणी जात नाहीये. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना उघडू नका, अजिबात. आणि झाकणाचं रबर कडक झालं असेल तर झाकणच नवीन घ्या, स्वस्त वस्तू आहे, पण ०.९ बारचा दाब नीट धरला तर साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी ११८ अंशांच्या आसपास उकळतं, दाब सुटला की घाटात आधी तेच उकळणार. रेडिएटरचा खालचा पाइपही बघा, मऊ पडला असेल तर इंजिन रेस केल्यावर पंपाच्या ओढीने चपटा होतो.

थर्मोस्टॅट काढला की गाडी थंड राहते हा आपल्याकडचा लाडका समज. तो बंद अवस्थेत अडकलेला असता तर काढल्यावर तापणं थांबायला हवं होतं, थांबलं नाही म्हणजे मूळ दोष त्याचा नव्हताच! नवीन बसवून घ्या, नाहीतर इंजिन कमी अंतरात गरमच होत नाही आणि पेट्रोल उगाच जास्त पितं.

डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगीचा करंट वाटणारा भाग) कोणी हलवला असेल तर टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, चेक करायला सांगा, मागे पडलेल्या टायमिंगने चढाला ओढ कमी होते आणि इंजिन तापतं.

आता हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील. ती थोडी फुटली असेल तरी आधी चढालाच त्रास देते, त्यामुळे हे तपासल्याशिवाय मेकॅनिकला खोटं ठरवता येणार नाही. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडा, पाणी काठापर्यंत भरा, गाडी चालू करून हलकं रेस करा. सुरुवातीला चार बुडबुडे येतात, ती अडकलेली हवा, पण थांबायचं नावच घेत नसतील किंवा पाणी उसळून बाहेर येत असेल तर गॅस्केटच. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकट थर दिसला तर पाणी ऑइलमध्ये जात असू शकतं, फक्त थंडीत थोडाफार थर नुसत्या वाफेनेही येतो. आणि गॅस्केट निघाली तरी ते हेडचं काम आहे, हाफ इंजिन नाही. पिस्टन-रिंगला हात लावायचं कारण म्हणजे धूर, ऑइल खाणं, कॉम्प्रेशन कमी येणं, यातलं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही.

हेड उतरवलंच तर पट्टी लावून सपाट आहे का ते समोर उभं राहून बघा, अल्युमिनियमचं हेड तापून वाकतं, आणि फेसिंग न करता, म्हणजे मशिनवर घासून सपाट न करता, नवी गॅस्केट टाकली तर पुन्हा तेच.