मुरुडच्या पुळणीवरची पाच पाकळ्यांची चकती: कुठेही जमा करू नका

सर, आधी एवढंच सांगते: ती चकती कुठल्याही टेबलावर सोडून येऊ नका. बाकीचं सावकाश वाचा.

तुम्ही लिहिलंय की दापोलीजवळच्या मुरुडला पुळणीवर मुलांना एक पांढरी, चपटी चकती मिळाली, वर पाच पाकळ्यांचं फूल कोरलेलं. एका कार्यालयात दाखवलीत तर तिथल्या गृहस्थांनी ‘दक्खनच्या कातळातला जीवाश्म, साडेसहा कोटी वर्षांचा’ असं तोंडी सांगितलं, आणि लेखी हवं असेल तर नमुना जमा करा म्हणाले. आता विज्ञान प्रदर्शनाच्या पाटीवर काय लिहायचं आणि तारामाशाशी याचं नातं काय, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. ‘नमुना जमा करा’ हे वाचलं आणि मला लिहायला बसावंच लागलं. का ते पुढे येईल.

मी भूगर्भशास्त्रज्ञ नाही. माझे मामा हा विषय शिकवायचे, त्यांच्या मागे हिंडून जे शिकले ते सांगते. तुमच्या फोटोत वरची बाजूच दिसते, त्यामुळे जात सांगणार नाही. पण तो सँड डॉलर आहे, म्हणजे चपटा झालेला सी अर्चिन (गोल, काटेरी कवचाचा समुद्रातला प्राणी), आणि तो जीवाश्म नाही एवढं ठामपणे सांगते.

कारण साधं आहे. आपला कातळ म्हणजे जमिनीवर पसरलेला लाव्हा, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि जांभा त्याच्याच झिजेतून झालेला. लाव्हाच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे गाळ सापडतो, पण तो तळ्यांचा. मुंबईत वरळीला अशाच गाळात बेडकांचे जीवाश्म मिळाले. तारामासा आणि त्याचे सगळे भाऊबंद, ज्यांना आपण कंटकचर्मी म्हणतो, ते समुद्र सोडून कुठेच राहत नाहीत. नदीत नाहीत, तळ्यात नाहीत. बेडूक जिथे होता तिथे सी अर्चिन नव्हता. खाली मालवण-वेंगुर्ल्याकडे लाव्हाहून कितीतरी जुने खडक आहेत, पण ते प्राणी उदयाला येण्याच्याही आधीचे. आणि मुख्य मुद्दा: सँड डॉलरचे निर्विवाद जीवाश्म जगात मिळतात ते डायनोसॉर संपल्यानंतरच्या थरांत. म्हणजे आपला कातळ सँड डॉलरच्या जीवाश्मांपेक्षा जुना आहे. ‘कातळातला सँड डॉलर’ हे वाक्य म्हणूनच उभं राहत नाही.

एक अपवाद ध्यानात ठेवा. काही किनाऱ्यांवर वाळू आणि शिंपल्यांचा चुरा चुन्याने चिकटून दगड झालेला दिसतो. त्यात असे तुकडे अडकलेले असू शकतात. पण तो दगड भूगर्भाच्या हिशेबात अगदी कालचा, काही हजार वर्षांचा.

घरच्या घरी पडताळा करायचा तर चकती हातात घेऊन वजन बघा. ताजं कवच हलकं लागतं. सी अर्चिनचं कवच कॅल्साइटच्या, म्हणजे चुनखडीतल्या खनिजाच्या, तबकड्यांचं असतं, आणि प्रत्येक तबकडी आतून सूक्ष्म छिद्रांनी भरलेली असली तरी ती एकच स्फटिक असते. जीवाश्म होताना त्या छिद्रांत पुन्हा कॅल्साइट भरतं. म्हणून जीवाश्म जड लागतो आणि तुटला की सपाट, चकाकणारे तिरपे पृष्ठभाग दिसतात. तुमच्या चकतीची कडा तुटलेली आहेच, तिथे भिंग लावा. ही छिद्रांची जाळी दुसऱ्या कुठल्याही प्राणिकुळात नाही. त्यामुळे नखाएवढा तुकडा मिळाला तरी जाणकार ‘कंटकचर्मी’ असं ओळखतात. चकती हळूच हलवूनही बघा. आत काही खुळखुळलं तर ते सुटलेल्या जबड्यांचे तुकडे. जबडे पाच असतात.

आता नात्याचं. तारामासा, ब्रिटल स्टार (बारीक, वळवळत्या हातांचा), सी अर्चिन, समुद्रकाकडी आणि देठावर उभी राहणारी सी लिली अशी आजची पाच घराणी. सी लिलीचं घराणं आधी वेगळं झालं. उरलेल्यांत तारामासा आणि ब्रिटल स्टार एका फांदीवर, सी अर्चिन आणि समुद्रकाकडी दुसऱ्या. मुलांना दाखवायचं तर कागदाचा तारामासा कापा, त्याचे पाचही हात वर वळवून टोकं जुळवा. खालच्या बाजूच्या नळीपायांच्या (नळीसारख्या बारीक, मऊ पायांच्या) पाच रांगा आता गोळ्याच्या बाहेरून वर चढलेल्या दिसतील. त्याच रांगांचा वरचा भाग म्हणजे तुमच्या चकतीवरच्या पाकळ्या. त्या छिद्रांतून श्वासासाठीचे नळीपाय बाहेर येतात. हे समजण्यापुरतंच हं, उत्क्रांतीत कोणी हात वर वळवले नाहीत.

मला सगळ्यात जास्त ओढ आहे ती सुरुवातीच्या काळाची. कंटकचर्मींचे पक्के जीवाश्म कँब्रियन काळात, सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वी, दिसू लागतात, आणि त्यातले कित्येक पाच भागांचे नाहीतच. कॅलिफोर्नियात मिळालेला हेलिकोप्लॅकस मळसूत्री पिळाचा होता. काहींना डावी-उजवी बाजू होती, काही साफ वेडेवाकडे, कुठलीच बाजू दुसरीशी न जुळणारे. तरी सगळ्यांच्या तबकड्यांत तीच छिद्रांची जाळी आहे, म्हणून ते याच कुळातले. पाचाचा हिशेब मागाहून पक्का झाला. आजही तारामाशाचं पाण्यात तरंगणारं बाल्यरूप तुमच्या-माझ्यासारखं दोन बाजूंचं असतं, आणि त्याच्या डाव्या बाजूला पाच भागांचा प्रौढ आकार घेऊ लागतो. प्रदर्शनात हे नक्की सांगा: खेकडा, कालव, तिसऱ्या यांच्यापेक्षा तारामासा आपल्याला नात्याने जवळचा आहे. २०२३ मध्ये तर जनुकांच्या अभ्यासातून असं दिसलं की इतर प्राण्यांत डोकं घडवणारी जनुकं तारामाशाच्या बाह्य अंगावर सगळीकडे काम करतात आणि धडाची तिथे जवळजवळ कामच करत नाहीत. मुलं हे विसरणार नाहीत.

तारामाशांच्या फांदीचा सर्वांत जुना माहीत असलेला जीवाश्म मोरोक्कोतला, सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याचं वर्णन २०२१ मध्ये झालं. तारामाशाचे जीवाश्म दुर्मीळ, कारण मेल्यावर त्याच्या तबकड्या काही दिवसांतच सुट्या होतात. अख्खा मिळायचा तर गाळाचा लोंढा अचानक अंगावर यावा लागतो. सी अर्चिनचं कवच घट्ट सांधलेलं, म्हणून तो जास्त टिकतो. पुढे सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशात हे सगळं कुळ जवळजवळ पुसलं गेलं. सी अर्चिनच्या मोजक्याच वंशरेषा तरल्या. ज्युरासिकमध्ये, म्हणजे डायनोसॉरांच्या काळात, त्यांच्यातले काही वाळूत घुसून राहायला लागले: काटे बारीक झाले, गुदद्वार माथ्यावरून मागे सरकलं, वर पाकळ्या उमटल्या. सँड डॉलर त्याच वाटेवरचा बराच उशिराचा प्रवासी.

आता ‘जमा करा’बद्दल. मामांनी मला सी अर्चिनच्या जीवाश्मांची एक पेटी दिली होती. काही कच्छचे, काही नर्मदेच्या खोऱ्यातल्या बाघच्या थरांतले. प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी: गाव, ओढा, कुठल्या थराच्या वर, कुठल्या थराच्या खाली, तारीख. मामा गेल्यावर मला वाटलं, याची रीतसर ओळख करून घ्यावी आणि एखाद्या महाविद्यालयाला द्यावं. एका कार्यालयात (नाव घेत नाही, इथल्या नियमात बसत नाही) ‘नमुने जमा करा, अहवाल मिळेल’ असं सांगितलं. पोच मागितली तर ‘गरज नाही’. मग साहेब दौऱ्यावर, मग बदली, मग नवीन साहेबांना ‘असं काही आलेलं नाही’. पेटी शेवटी कपाटाच्या माथ्यावर सापडली. सगळे नमुने एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत एकावर एक. चिठ्ठ्या सोडून घेतलेल्या, कारण ‘कागद दप्तरी लागतात’. त्या दप्तरात नंतर कोणालाच मिळाल्या नाहीत. माहिती अधिकारात अर्ज केला, उत्तर आलं: अभिलेख आढळत नाही.

त्याहून वाईट म्हणजे अ‍ॅसिड. चुनखडी आहे का बघायला दगडाच्या कोपऱ्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा एक थेंब टाकतात, बुडबुडे आले की कळतं. इथे तो पाकळ्यांवर ओतला होता. कॅल्साइट विरघळतंच. काट्यांच्या बुडाचे बारीक उंचवटे गेले, पाकळ्यांची छिद्रं बुजली. जात ओळखतात ती नेमकी याच दोन खुणांवरून. अहवालात एक ओळ होती: ‘चुनखडीयुक्त जीवाश्म’.

चिठ्ठ्या गेल्या म्हणजे काय गेलं, हे तिथल्या एकालाही उमगलं नाही, याचा राग अजून जात नाही. कच्छमध्ये १६ कोटी वर्षांपूर्वीचे ज्युरासिक थर आहेत आणि २ कोटी वर्षांच्या आसपासचे मायोसीनचेही. चिठ्ठीशिवाय, त्यात खुणाही झिजलेल्या, तर दगड यांतल्या कुठल्या समुद्रातला हे कोण सांगणार? इंग्लंडमध्ये आर्थर रो नावाच्या डॉक्टरने खडूच्या कड्यांतले मायक्रॅस्टर नावाचे सी अर्चिन थराथराने गोळा केले आणि १८९९ मध्ये दाखवून दिलं की खालून वर येताना त्यांचं तोंड पुढे सरकत गेलं, पाकळ्यांचा पोत बदलत गेला. उत्क्रांती डोळ्यांनी दिसावी असं हे उदाहरण. प्रत्येक नमुना कुठल्या थरातला ही नोंद होती म्हणूनच ते जमलं. तेच सगळे एका पिशवीत घातले असते तर नुसते दगड उरले असते.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या: मूळ नमुना आणि मूळ चिठ्ठी कोणालाही एकत्र देऊ नका. सगळ्या बाजूंचे फोटो मोजपट्टी ठेवून काढा. द्यावंच लागलं तर नमुन्यांच्या संख्येसह सही-शिक्क्याची पोच घ्या आणि ‘अ‍ॅसिड लावू नये’ हे अर्जातच लिहा. सगळी कार्यालयं अशी असतात असं मी म्हणत नाही. विद्यापीठांतल्या भूशास्त्र विभागांत जीव ओतून शिकवणारी माणसं मला भेटली आहेत. तिथे आधी मेल करा, फोटो पाठवा, मग जा.

पाटीवर सरळ लिहा: ‘सँड डॉलर, हल्लीचं कवच, मुरुडची पुळण’, आणि तारीख. ‘जीवाश्म’ लिहिलंत आणि परीक्षकांत कोणी जाणकार निघाला तर मुलांचा हिरमोड होईल. हल्लीचं कवच कमी मोलाचं नाही. मामा नेहमी म्हणायचे की जीवाश्म वाचायला शिकायचं तर आधी ओहोटीला पुळणीवर जा.

राहिलेल्या किरकोळ गोष्टी. कवच गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा, सावलीत वाळवा. साफ करायला व्हिनेगर, लिंबू, कोकमाचं आगळ काहीही लावू नका, सगळी आम्लंच. कापसावर ठेवा. मुलांना सांगा की तपकिरी-जांभळट, मखमली लव असलेली चकती जिवंत असते, ती होती तिथेच वाळूत ठेवायची. रापणीच्या जाळ्यात आलेले तारामासेही जिवंत असले तर पाण्यात सोडा. आणि कोणी वाळवलेली समुद्रकाकडी मांडायला दिली तर घेऊ नका. २००१ पासून तिला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, शाळेच्या मागे नसती चौकशी लागेल.

चकतीच्या खालच्या बाजूचा एक फोटो इथे टाका, सोबत मोजपट्टी हवी. तोंड मध्यावर असेल. गुदद्वार खालीच आहे की कडेला, आणि कडेशी आरपार फटी आहेत का, असल्या तर किती, हे त्यात स्पष्ट दिसू द्या. तेवढ्यावरून निदान सँड डॉलरमधलं कुठलं घराणं ते तरी सांगता येईल.