अमेरिकेत शेतजमीन आणि हौसेची जमीन: भाव उतरतायत का, थांबावं का?

तुमचा प्रश्न असा की अमेरिकेत गावाकडच्या जमिनीचे भाव उतरायला लागलेत का, आणि वीकेंडसाठी थोडी झाडीवाली जागा घ्यायची असेल तर थांबावं का. मी मिडवेस्टमध्ये राहतो, दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी अशा जमिनी बघत फिरलोय, तेवढ्या अनुभवावर सांगतो.

शेतजमीन आणि हौसेची जमीन, म्हणजे शिकारीसाठी किंवा वीकेंडला जायला घेतलेली झाडीवाली जागा, हे दोन वेगळे बाजार आहेत, वेबसाइटवर एका यादीत दिसतात एवढंच.

शेतजमिनीचं आधी. इथल्या कृषी खात्याची देशभराची सरासरी २०२४ ला एकरी ४,१७० डॉलर होती, २०२५ ला ४,३५०. म्हणजे वाढच, पण सरासरीवर जाऊ नका. आयोवा हे मिडवेस्टमधलं मक्याचं राज्य, तिथल्या आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या सर्व्हेत आयोवाची जमीन २०२३ मध्ये एकरी ११,८३५ डॉलर होती ती २०२४ मध्ये ११,४६७ वर आली, कारण मका २०२२ मध्ये बुशेलला (साधारण २५ किलो) ७ डॉलरच्या वर गेला होता तो ४ च्या आसपास आला आणि तोवर फेडने, म्हणजे इथल्या मध्यवर्ती बँकेने, व्याजदर सव्वापाच-साडेपाचवर नेऊन ठेवलेले. २०२४ ला देशभरात फक्त लागवडीखालची जमीन सरासरी एकरी ५,५७० डॉलरला होती आणि तिचा वर्षाचा खंड एकरी १६० डॉलर, म्हणजे ३ टक्केसुद्धा सुटत नाहीत, हिशोबाने कुणी घेऊच नये! तरी भाव कोसळत नाही, कारण जमीन विकायलाच फार कमी येते आणि आली की बांधाला बांध लागून असलेला शेजारी उडी मारतो, त्याला ती पुन्हा जन्मात मिळणार नसते. १९८१ ते ८६ मध्ये आयोवात भाव २,१४७ वरून ७८७ वर आलेले, पण तेव्हा शेतकरी कर्जात गळ्यापर्यंत बुडालेले होते, आता तसं चित्र नाही.

हौसेच्या जमिनीला हा खंडाचा आधारच नाही. शिकारीसाठी कुणाला भाड्याने दिली तर चिल्लर सुटते. तिचा भाव शहरातल्या माणसाच्या खिशावर आणि मूडवर. २०२०-२१ मध्ये वर्क फ्रॉम होम आणि स्वस्त कर्ज, लोक न बघता घेत होते. आता मोकळ्या जमिनीला बँक घरापेक्षा जास्त व्याज लावते, डाउन पेमेंटही मोठं मागते, त्यामुळे गिऱ्हाईक पातळ झालंय. पण भाव धाडकन पडलेला दिसत नाही, जमीन नुसती पडून राहते, मालकाला घाई नसते ना.

एक २२ एकर बघितली होती. ओकची झाडं, ओढा, हरणांसाठी बांधलेलं मचाण, फोटोत एकदम झक्कास. गेलो तर वाट शेजाऱ्याच्या सोयाबीनमधून आणि गेटला कुलूप. शेजारी बाहेर आला आणि शांतपणे म्हणाला, आधीच्या मालकाला मी जाऊ देत होतो, तुम्हाला देईनच असं नाही. कागद काढले तर वाटेचा हक्क कुठेच नोंदलेला नाही, वर ओढ्याकडची निम्मी जागा पुराच्या नकाशात. ती जागा नंतर दोनदा भाव उतरवूनही बरेच महिने तशीच होती.

म्हणून थांबायचं की नाही यापेक्षा कुठली जमीन ते बघा. शेतजमिनीत थांबून फार काही हाती लागेल असं मला वाटत नाही. हौसेच्या जमिनीत मात्र बिनधास्त घासाघीस करा, सहा महिने पडून असलेली असेल तर अजूनच. आणि मागितलेला भाव म्हणजे झालेला भाव नव्हे, टेक्साससारख्या राज्यात तर विक्रीचा आकडा जाहीर करायचं बंधनही नाही, म्हणजे बाहेरच्याला कळणार कसा? घर बांधायचा विचार असेल तर सेप्टिकसाठी मातीची टेस्ट करून घ्या, काही ठिकाणी जमिनीखालच्या तेल-खनिजाचे हक्क आधीच दुसऱ्याला विकलेले असतात तेही तपासा.

ग्रीन कार्ड नसेल तर अजून एक, शेतजमीन घेतल्यावर ९० दिवसांत कृषी खात्याला कळवावं लागतं, १९७८ चा कायदा आहे, शिवाय काही राज्यांचे आपापले निर्बंध आहेत. हे एजंटला विचारू नका, वकिलाला विचारा, आणि सही करायच्या आधी.