घरी बनवलेला व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळ्यांचा) गिटार अ‍ॅम्प हम करतो, म्हणजे सतत घुमतो, आणि आवाज वाढवला की खर्जाचा (खालच्या स्वरांचा) चिखल होतो. व्हॉल्व्ह बदलू का?

इतक्यात नका बदलू. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून (फेंडरच्या ५एफ१ चॅम्पचं सर्किट, कारागिराकडून वाइंड करून घेतलेला पॉवर ट्रान्सफॉर्मर, ८ ओहमचा आठ इंची स्पीकर, पहिल्या टप्प्याच्या कॅथोडवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकावर, २५ मायक्रोफॅरडचा बायपास कपॅसिटर) दोन्ही त्रासांचं मूळ बहुतेक व्हॉल्व्हच्या बाहेर आहे. बाहेरून मागवलेले महागडे व्हॉल्व्ह घातलेत तरी हम आणि चिखल तसाच राहण्याची शक्यता जास्त.

सर्किट मात्र फार चांगलं निवडलंत. १९५० च्या दशकातला हा अ‍ॅम्प मुळात शिकणाऱ्यांसाठी होता: एक १२एएक्स७ (गिटारचा सिग्नल वाढवणारा प्रीअ‍ॅम्पचा व्हॉल्व्ह), एक ६व्ही६ (स्पीकर हलवणारा पॉवर व्हॉल्व्ह), एक ५वाय३ रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा), एकच व्हॉल्यूम, जेमतेम ५ वॉट. टोन कंट्रोलसुद्धा नाही. इतके कमी भाग असल्यामुळे एखादा कपॅसिटर बदलला की फरक लगेच कानाला कळतो. अ‍ॅम्पची जुळवणी शिकायला मला याच्याइतकं चांगलं दुसरं सर्किट माहीत नाही.

आत हात घालण्याआधी एक गोष्ट. स्विच बंद केला, पिन काढली, तरी फिल्टर (डीसी पुरवठा गाळणाऱ्या) कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर भरणा राहू शकतो. तो माणसाचा जीव घेऊ शकतो. १० किलो-ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांना जोडून ठेवा, प्रत्येक वेळी त्याने कपॅसिटर रिकामे करा आणि मल्टिमीटरने शून्य बघूनच हात घाला. चालू अ‍ॅम्पवर मोजताना काळी प्रोब चासीला (अ‍ॅम्पच्या धातूच्या सांगाड्याला) क्लिपने लावून टाका, एकाच हाताने मोजा, दुसरा खिशात. चासीला तीन पिनांचं खरं अर्थिंग हवंच. आणि स्पीकर जोडल्याशिवाय अ‍ॅम्प वाजवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. आपल्याकडे दुरुस्तीच्या दुकानात असतो तसा सिरीज बोर्ड करून घ्या: फेजमध्ये ६० वॉटचा फिलामेंटचा बल्ब. एलईडी चालणार नाही. काही बदललं की पहिल्यांदा त्याच्यातूनच चालू करायचं. बल्ब भगभगीत पेटून तसाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे.

आता मोजणी. सोल्डरिंग गन गरम करण्याआधी मल्टिमीटर घ्या. सगळ्यात आधी हीटरचं (व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारेचं) व्होल्टेज, व्हॉल्व्ह बसवलेले असताना. ते ६.३ हवं. ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टवर वाइंड केलेला असेल आणि तुमच्याकडे लाइट २४० येत असेल तर हीटरवर ६.९ च्या जवळ भरतील. ही वरची मर्यादाच आहे, आणि त्याच प्रमाणात आतलं हाय व्होल्टेजही चढलेलं असणार.

मग ६व्ही६ किती तापतोय ते काढा. समजा कॅथोडवर २०.५ व्होल्ट मिळाले आणि प्लेटवर (इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या टोकावर) ३५५. कॅथोडचा रेझिस्टर ४७० ओहम, म्हणजे करंट सुमारे ४३.५ मिलीअँपिअर. त्यातले तीनेक स्क्रीनचे (आतल्या मधल्या जाळीचे) वजा करा, राहिले ४०. प्लेट ते कॅथोड ३३४ व्होल्ट. गुणाकार १३.४ वॉट. जुन्या ६व्ही६जीटीची मर्यादा १२ वॉटची, नंतरच्या जीटीए प्रकाराची १४. म्हणजे जुना व्हॉल्व्ह यात दमून जाईल. ४७० च्या जागी ५६० किंवा ६८० ओहम, ५ वॉटचा टाका आणि पुन्हा मोजा. मर्यादेच्या ७० टक्क्यांवर ठेवायचा जो नियम सगळीकडे वाचायला मिळतो तो पुश-पुल (पॉवर व्हॉल्व्हची जोडी आलटून-पालटून काम करते अशा), फिक्स्ड बायसवाल्या (ग्रिडला ठरावीक व्होल्टेज देणाऱ्या) अ‍ॅम्पचा. चॅम्प सिंगल-एंडेड क्लास ए आहे (एकच पॉवर व्हॉल्व्ह, सतत चालू), तो मर्यादेच्या अगदी जवळ चालवला तरी हरकत नाही. व्होल्टेज जास्त येण्याचं आणखी एक कारण रेक्टिफायर. ५वाय३ नावाने आज मिळणारे काही व्हॉल्व्ह जुन्या ५वाय३ पेक्षा कमी व्होल्टेज पाडतात, आणि त्या जागी सिलिकॉन डायोड घातले तर ते आणखी चढतं.

हमकडे येऊ. हम म्हणजे एकच आजार नव्हे, आणि कोणता आहे हे ओळखायला तुमच्या हातात उत्तम साधन आहे: गिटार. आपली लाइन ५० हर्ट्झची. हीटर, अर्थिंग किंवा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून येणारा हम बहुतेक ५० चा असतो. रेक्टिफायरनंतर नीट न गाळलेला हम १०० चा. गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा तिसरा फ्रेट म्हणजे ९८ हर्ट्झचा जी. तुमचा हम त्या स्वराशी जवळपास जुळत असेल तर दोष फिल्टरिंगमध्ये. त्याच्या खालच्या सप्तकात, छातीत जाणवणारा असेल तर हीटर, वायरिंग किंवा ट्रान्सफॉर्मरची मांडणी. (अमेरिकेत लाइन ६० हर्ट्झची, त्यामुळे तिकडच्या व्हिडिओतल्या हमशी आपला ताडून बघू नका.) दुसरी चाचणी: अ‍ॅम्प बंद करून १२एएक्स७ काढा, परत चालू करा. हम गेला तर तो प्रीअ‍ॅम्पमधून येत होता. राहिला तर पॉवर सप्लाय किंवा आउटपुट ट्रान्सफॉर्मर.

१०० हर्ट्झचा असेल तर ऐका. पुश-पुलमध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन अर्ध्या भागांत हा हम एकमेकांना बराचसा खोडून टाकतो. सिंगल-एंडेडमध्ये खोडणारं कोणीच नाही, आणि ५एफ१ मध्ये ६व्ही६च्या प्लेटला पुरवठा थेट पहिल्या कपॅसिटरवरून जातो. मग लोक पहिला कपॅसिटरच १०० मायक्रोफॅरडचा करतात. तसं करू नका, ५वाय३ वर चालू होताना फार मोठा झटका बसतो. तो २० च्या आसपास राहू दे. त्याच्यापुढे २२० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर आणि ४७ मायक्रोफॅरड, ५०० व्होल्टचा कपॅसिटर असा एक जादा टप्पा घाला, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा पुरवठा तिथून घ्या. १०० हर्ट्झला ४७ मायक्रोफॅरड म्हणजे साधारण ३४ ओहम, त्यामुळे हम सहा-साडेसहा पटींनी उतरतो. वर १० व्होल्ट पडतात, जे ६व्ही६ला हवेच होते. ५०० व्होल्ट एवढ्यासाठी की ५वाय३ लगेच तापतो आणि ६व्ही६ला वेळ लागतो. मधल्या काही सेकंदांत लोडच नसल्याने व्होल्टेज शिखराला जातं.

५० हर्ट्झचा असेल तर हीटरच्या दोन्ही वायरी घट्ट पीळ देऊन चासीच्या कोपऱ्यातून नेल्यात का, ग्रिडच्या (सिग्नल जिथे शिरतो त्या जाळीच्या) वायरीपासून लांब आहेत का, ते बघा. हीटरच्या वाइंडिंगला मधला टॅप नसेल तर दोन १०० ओहमचे रेझिस्टर प्रत्येक टोकाला लावून त्यांचा मधला बिंदू करा. तो जमिनीला जोडण्याऐवजी ६व्ही६च्या कॅथोडला जोडा. तिथल्या २० व्होल्टमुळे हीटर कॅथोडपेक्षा वर राहतो आणि १२एएक्स७ मधली गळती थांबते. खर्च दोन रेझिस्टरांचा, आणि फरक मी दरवेळी ऐकलाय. कारागिराच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र बरंच बाहेर सांडू शकतं, म्हणून दोन्ही ट्रान्सफॉर्मरचे कोअर एकमेकांना काटकोनात आहेत ना, तेही तपासा. शक्य असेल तर स्क्रू काढून आउटपुट ट्रान्सफॉर्मर थोडा फिरवून बघा. हम कमी होण्याची जागा कानाला सापडते.

अ‍ॅम्प शांत झाल्यावरच आवाजाला हात लावायचा, आणि एका वेळी एकच भाग बदलायचा.

चिखल कुठून येतो? गिटारची सगळ्यात खालची तार ८२ हर्ट्झला. तुमचा २५ मायक्रोफॅरडचा बायपास ८-९ हर्ट्झपर्यंतचं सगळं पूर्ण गेनने (वाढीने) पुढे ढकलतो. आवाज वाढवला की हा खर्ज आधी ६व्ही६ला गुदमरवतो, आणि वरचे स्वर त्याच्याखाली दबतात. तिथे २.२ मायक्रोफॅरडचा टाका: सुमारे ९० हर्ट्झच्या खालचा गेन उतरायला लागतो, कॉर्ड मोकळे होतात. ०.६८ टाकला तर ती रेषा ३०० च्या आसपास जाते आणि आवाज मधल्या पट्टीत टोकदार होतो. माझा कौल २.२ला, कारण आठ इंची स्पीकरमधून ०.६८ कानाला बोचतो. तेवढ्याने भागलं नाही तर ६व्ही६च्या ग्रिडकडे जाणारा ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपलिंग (दोन टप्पे जोडणारा) कपॅसिटर ०.०१ करा. समोर २२० किलो-ओहम असल्याने ३३ ऐवजी ७२ हर्ट्झपासून काप बसतो. बहुतेकांनी इथेच थांबावं.

फीडबॅकचा (स्पीकरकडचा थोडा सिग्नल मागे प्रीअ‍ॅम्पला देणारा) २२ किलो-ओहमचा रेझिस्टर कमी ओहमच्या स्पीकरसाठी ठरवलेला आहे. ८ ओहमवर व्होल्टेज जास्त मिळतं, म्हणून फीडबॅकही वाढतो आणि अ‍ॅम्प थोडा बांधल्यासारखा वाजतो. ३३ किलो-ओहम लावा. ज्यांना लवकर तडकणारा आवाज हवा ते ४७ पर्यंत जातात. फीडबॅक जोडताक्षणी अ‍ॅम्प किंचाळत असेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीची दोन टोकं अदलाबदल करा.

स्पीकरवर मी व्हॉल्व्हपेक्षा आधी पैसे घालीन. ९० डेसिबलच्या स्पीकरऐवजी ९७ चा लावला तर ऐकायला तो ५ वॉटचा अ‍ॅम्प २५ वॉटच्या बरोबरीचा होतो. ओळखीच्या कुणाकडे १२ इंची गिटार कॅबिनेट असेल तर इम्पीडन्स (स्पीकरचे ओहम) जुळवून एकदा लावून बघा, अ‍ॅम्प किती चांगला झालाय हे तेव्हा कळेल.

व्हॉल्व्ह सगळ्यात शेवटी. अ‍ॅम्प फारच लवकर फाटतोय असं वाटलं तर १२एएक्स७च्या जागी १२एवाय७ लावता येतो. पिना त्याच, पण गुणक १०० ऐवजी ४४ च्या आसपास. आणि ६व्ही६ बदलाल तेव्हा वरचं कॅथोडचं गणित पुन्हा मांडा. एकाच नावाचे दोन ६व्ही६ सारखाच करंट खातात असं नाही.