मी ख्रिस्ती आहे आणि मला मुलगे आवडतात, देव मला माफ करेल का?

वयाने बराच मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतोय, चालवून घे. तू लिहिलंयस की शाळेत असल्यापासून मुलगेच आवडतात, चर्चच्या पाळकसाहेबांना, म्हणजे धर्मगुरूंना, सांगितलं तर म्हणाले उपास-प्रार्थना कर, जाईल, ते काही गेलं नाही आणि आता घरचे मुलगी बघून राहिलेत.

मी इंदूरचा. आजोबा नगरकडून इथल्या कापड मिलमध्ये नोकरीला आले ते इथलेच झाले, त्यामुळे घरात बायबल मराठी आणि रविवारची उपासना हिंदीत, अशी आमची खिचडी. पाळक वगैरे नाहीये मी, संडे स्कूल घेतो आणि मंडळीतली, म्हणजे चर्चच्या लोकांमधली, भांडणं बघतो, म्हणून जे लिहितोय ते एका साध्या विश्वासणाऱ्याचं मत समज.

पहिली गोष्ट, माफी नक्की कशाची मागतोयस? मुलगे आवडतात याची? ते तू ठरवून केलेलं नाहीस. बायबलात इब्री ४:१५ काढून बघ, प्रभू येशू सगळ्या बाबतीत आपल्यासारखाच पारखला गेला तरी निष्पाप राहिला असं तिथे सरळ लिहिलंय, म्हणजे मनात ओढ येणं आणि पाप करणं या दोन गोष्टी एक नाहीत. कॅथलिक लोकांची शिकवण या विषयात किती कडक आहे माहितीये ना, समलिंगी संबंधांना ते पापच म्हणतात, पण त्यांच्या १९९२ च्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकातसुद्धा नुसत्या ओढीला पाप म्हटलेलं नाही, उलट अशा माणसांना आदराने आणि करुणेने वागवा, अन्यायाचा भेदभाव करू नका असं आहे. तेव्हा जे पापच नाही त्याची माफी मागत रात्र रात्र गुडघ्यावर बसू नकोस, झोप.

आता संबंधांचं. गोलमोल बोलत नाही. लेवीय १८, रोमकरांस पहिला अध्याय, असल्या संबंधांना नको म्हणणारे बायबलचे हे भाग आहेतच आणि आपल्याकडच्या बहुतेक मंडळ्या त्याचा अर्थ जुना तोच घेतात, शरीरसंबंध नवरा-बायकोच्या लग्नातच, बाकी सगळं पाप. मीही त्याच शिकवणीत वाढलो आणि अजून तिथेच आहे. पण सगळं ख्रिस्ती जग एका सुरात बोलतं असं कोणी सांगितलं तर ते खरं नाही. आमच्या इथलं ख्रिश्चन कॉलेज १८८७ साली ज्या कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने काढलं त्यातले बहुतेक लोक १९२५ मध्ये युनायटेड चर्च ऑफ कॅनडात गेले, आणि त्या चर्चने १९८८ मध्ये ठरवलं की समलिंगी माणूसही पाळक होऊ शकतो. ज्यांच्याकडून इथल्या जुन्या पिढ्यांनी बायबल ऐकलं तेच लोक! आमच्या मंडळीत हे सांगितलं की पहिल्या बाकावरची मंडळी खोकायला लागतात. मला त्यांचा निर्णय पटलेला नाही, पण तेही तेच शास्त्र वाचूनच तिथे पोचलेत, म्हणून मी कोणाला नरकाचं तिकीट फाडून देत नाही.

आणि मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. १ करिंथ ६ मधली, देवाच्या राज्यात कोणाला जागा नाही ती यादी सगळे पाठ म्हणतात, पण त्याच यादीत लोभी आहेत, दारुडे आहेत, निंदा करणारे आहेत. भिया, आमच्याकडे जमिनीच्या वादात सख्ख्या भावाला कोर्टात खेचलेला माणूस थाटात प्रभुभोजन घेतो, त्याला कोणी अडवत नाही. आणि या विषयात सगळे ज्याचं नाव घेतात त्या सदोमचं, बायबलातल्या देवाने नष्ट केलेल्या शहराचं, पाप काय होतं ते यहेज्केल १६:४९ मध्ये दिलंय, गर्व, भरपेट खाणं, सुखचैन आणि गरिबाला हात न देणं. पुढच्या ओवीत अमंगळ कृत्यांचाही उल्लेख आहे, तो लपवत नाही, पण सुरुवात कुठून केलीये बघ.

क्षमा कशी असते ते आम्ही इथे बघितलंय. सिस्टर राणी मारिया, कॅथलिक नन, उदयनगरला गरिबांमध्ये काम करायच्या, सावकारांचं पित्त खवळलं आणि २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरला येणाऱ्या बसने प्रवास करताना त्यांना भोसकून मारलं. त्यांची सख्खी बहीण, तीही सिस्टर, २००२ मध्ये तुरुंगात जाऊन त्या मारेकऱ्याला राखी बांधून आली. घरच्यांनी त्याला माफ केलं, पुढे २००६ मध्ये तो सुटला. नोव्हेंबर २०१७ मध्ये इंदुरात सिस्टरना धन्य घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी दिली, तेव्हा केवढी गर्दी होती. तुझी तुलना खुन्याशी करत नाहीये, चुकूनही तसं वाचू नकोस. एवढंच म्हणायचंय की हाडामांसाची माणसं जर इतकं माफ करू शकतात तर देव तुझ्यासाठी दार लावून बसलाय असं तुला का वाटतंय?

प्रार्थनेने गेलं नाही याचं तू फार मनावर घेतलंयस. प्रेषित पौलाने शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनवणी केली, २ करिंथ १२, काटा निघाला नाही, उत्तर मिळालं की माझी कृपा तुला पुरे. पौलाचा विश्वास कमी पडला असं कोणी म्हणत नाही ना? अमेरिकेत एक्सोडस इंटरनॅशनल नावाची ख्रिस्ती संस्था होती, समलिंगी लोकांना बदलू म्हणायची, २०१३ मध्ये तिच्याच प्रमुखाने जाहीर माफी मागून ती बंद केली. आपल्याकडेही नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये असल्या 'उपचारांना' डॉक्टरांचं गैरवर्तन ठरवलंय, तेव्हा कोणी शॉक, इंजेक्शन, गोळ्या म्हणाला तर तिथून ऊठ आणि चालू पड. आणि कायद्याची भीती घालत असतील तर ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने तेव्हाच्या दंडसंहितेच्या ३७७ कलमामधून दोन सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांना बाहेर काढलंय.

पण लग्न करू नकोस. हे मी हात जोडून सांगतोय. लग्न झालं की होईल सगळं ठीक, असं म्हणणारे काका-मावश्या वरातीत नाचून घरी जातील, मागे उरेल ती मुलगी, जिला वर्षानुवर्षं वाटत राहील की आपल्यातच काही कमी आहे. तिला काही न सांगता वेदीसमोर वचन देणं, याला मात्र मी बिनदिक्कत पाप म्हणेन, आणि त्याची किंमत दुसरंच कोणी भरतं.

घरी आत्ताच सगळं सांगायला पाहिजे असं नाही. सध्या एवढंच म्हण की मला लग्न करायचं नाहीये, मुली बघणं थांबवा. पाळकसाहेब उपासापुढे जात नसतील तर दुसरे शोध, शांतपणे ऐकून घेणारे असतात, कमी आहेत पण असतात. रात्री नको ते विचार येत असतील तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ लाव, सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही उचलतात. आणि पुढेमागे सांगायची वेळ आलीच तर आधी आईला एकटीला सांग, बाबांपर्यंत कसं न्यायचं ते तीच ठरवेल, आपल्या घरांत तसंच चालतं.